आडजात म्हणजे नेमकी कोणती जात?

ऐन, किंजळ, जांभा, हेद, नाणा, बिबळा, आसाणा. कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराच्या माळ्यावर चढून वर पाहिले, तर आढ्यापासून वाशांपर्यंत यांतली दोन-चार झाडे नक्की सापडतील. शंभर पावसाळे त्यांनी डोक्यावर घेतलेले असतात. हीच झाडे तोडून ट्रकमध्ये भरली की कागदावर त्यांचे एकच नाव उरते : आडजात. सागाचा साग राहतो, खैराचा खैर राहतो, बाकी सगळ्यांची आडजात होते. बोलण्यात आपण त्यालाच रायवळ म्हणतो. कलमी नाही तो रायवळ आंबा, तसे साग नाही ते रायवळ लाकूड.

मला हा शब्द खुपतो. तो कागदावरून जावा असे मला वाटते, आणि त्याची कारणे मी इथे मांडणार आहे.

आधी त्या ‘आड’कडे पाहू. आडवाट, आडगाव, आडरान या शब्दांतून बोलणारा कुठे उभा आहे ते कळते. आडगावात राहणारा माणूस आपल्या गावाला आडगाव म्हणत नाही, हमरस्त्यावर उभा असलेला म्हणतो. आडजात हा शब्दसुद्धा सागाच्या बाजूला उभे राहून तयार झालेला आहे. ज्याला जहाज बांधायचे होते, रेल्वेचे डबे आणि बंगले बांधायचे होते, त्याला साग हवा होता. वाटेत जे दुसरे उभे होते ते आड आले. हा त्या झाडाचा गुण नव्हे, गिऱ्हाइकाची सोय आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या पडवीचे लाकूड बदलायचे ठरले. आमच्याच वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतला एक ऐन, दोन किंजळ आणि एक वाळत चाललेला हेद काढायचा होता. परवानगीच्या अर्जात मी चारही झाडांची नावे लिहिली, घेर लिहिला. कागद परत हातात आला तेव्हा माझ्या नावांवर रेघ होती आणि त्यापुढे लिहिले होते, ‘आडजात, ४ नग’. मी विचारले तर टेबलापलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, “काका, एवढं वाचतंय कोण? आडजात लिहिलं की काम होतं.” तो उद्धट नव्हता. तो खरेच बोलत होता, आणि म्हणूनच ते मला जास्त लागले.

कारण कायद्याला ही नावे माहीत आहेत. महाराष्ट्रात झाडतोडीचे नियमन करणारा १९६४ चा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत, म्हणजे तोडीवर बंधन असलेल्या झाडांच्या यादीत, साग, खैर, चंदन यांच्या बरोबरीने ऐन आणि किंजळ नावानिशी बसलेले आहेत. आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा हेही आहेत. म्हणजे कायद्याने ज्यांना नाव दिले, त्यांचे नाव टेबलावर पुसले गेले.

हेदाची गोष्ट त्याहून विचित्र आहे. अनुसूची वाचत गेलात तर हेद सापडत नाही. तिथे आहे हळदू. हळदू आणि हेद हे एकच झाड. ताजे चिरलेले लाकूड पिवळे निघते, हळदूच्या नावात ती हळद आहे. पण हळदू हे नाव घाटावरचे, विदर्भाकडचे, हिंदी मुलखाचे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याच्या तोंडी ते नाही. गुहागरची हेदवी किंवा मालवणातले हेदूळ ही गावांची नावे उच्चारताना हे झाड आपल्या कानाशी येते, हळदू म्हटल्यावर मात्र डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. बिबळ्याचे तेच. अनुसूचीत तो ‘बिजा’ म्हणून आहे. आपल्या बांधावरचा बिबळा कायद्याने राखलेला आहे, हे माणसाला कळणार कसे?

उलटेही होते. अनुसूचीत ‘अंजन’ आहे. ते खानदेश-विदर्भाच्या कोरड्या रानातले उंच झाड, टणक लाकडाचे. कोकणात अंजन किंवा अंजनी म्हटले की डोळ्यांपुढे येते आपले सदाहरित झुडपासारखे झाड, उन्हाळ्यात फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटलेले असतात ते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका गावची जैवविविधता नोंदवही मी पाहिली. तिच्यात वृक्षांच्या यादीत अंजन होते आणि पुढे शास्त्रीय नाव होते त्या कोरड्या मुलखातल्या झाडाचे. कुणीतरी छापील यादी उतरवून काढली होती. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक गावाने समिती करून ही नोंदवही करायची होती. वर्षानुवर्षे ती झाली नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० अखेरची मुदत आणि दंडाची तंबी दिल्यावर एकच धावपळ उडाली. झाडापुढे उभे राहून लिहायची वही टेबलावर बसून लिहिली गेली, की अशी झाडे उगवतात.

इथे कोणी म्हणेल, बोलीतल्या नावांचा हा गोंधळच तर आडजात लिहिण्याचे कारण आहे. दर वीस कोसांवर नाव बदलते, सरकारने किती नावे सांभाळायची? हा आक्षेप खोटा नाही. एकट्या ‘असन’ या संस्कृत नावाचे पाहा. वैद्यकात असन म्हणजे बिबळा. हिंदी मुलखात आसन म्हणजे आपला ऐन. आणि आपल्या डोंगरात आसाणा म्हणजे बुंध्यावर काटे असलेले तिसरेच झाड. एका नावाची तीन घरे झाली. याच बिबळ्याच्या लाकडाचा पेला शहरातल्या दुकानात विजयसार म्हणून मधुमेहावर विकला जातो. त्यात रात्रभर पाणी ठेवले की पाण्याला निळसर झाक येते. तो पेला विकत घेणाऱ्या मुंबईतल्या चाकरमान्याला आपल्या गावच्या घरामागे तेच झाड उभे आहे, हे ठाऊक नसते.

पण गोंधळावर उपाय म्हणून नावच काढून टाकायचे, हा कुठला न्याय? गावात चार जण एकाच नावाचे निघाले तर आपण वडिलांचे नाव विचारतो, वाडी विचारतो. चौघांनाही ‘इतर’ लिहीत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असतो. लॅटिन नाव लिहा, विषय संपला. लॅटिन नाव लिहावेच. त्याशिवाय दोन मुलखांतल्या दोन माणसांना एकाच झाडाबद्दल बोलता येणार नाही. पण लॅटिन नाव म्हणजे दगडावरची रेघ, ही समजूत सोडली पाहिजे. ऐनालाच टर्मिनॅलिया टोमेन्टोसा, अलाटा, क्रेन्युलाटा, इलिप्टिका अशी नावे वेगवेगळ्या पुस्तकांत लावलेली आहेत. तज्ज्ञ दर पिढीला त्यांची फेरमांडणी करतात आणि त्यांनी ती करावीच, ते त्यांचे काम आहे. या सगळ्या काळात कवळ, म्हणजे शेतात जाळायच्या पानांसकट डहाळ्या, तोडायला गेलेल्या बाईने त्याला ऐनच म्हटले. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पान उलटे केले की देठाजवळ दिसणाऱ्या दोन गाठी, एवढ्यावर ती अंधारातही त्याला ओळखते. कारण त्याच्याच कवळांनी जमिनीची भाजावळ करून तिच्या घरचा तरवा, म्हणजे भाताची रोपे, वाढलेला असतो.

आणि लॅटिन नावे तरी आली कुठून? हेदाचे आजचे शास्त्रीय नाव हाल्डिना कॉर्डिफोलिया. पूर्वी ते अडिना होते. नव्या नावात हळदू सरळ जाऊन बसला आहे. कुणा लाकूडतोड्याने, कुणा सुताराने दिलेले नाव लॅटिनची टोपी घालून जगभर फिरते आहे.

सागाचे तर विचारूच नका. संस्कृतात तो शाक. पुराणातल्या शाकद्वीपाचे नाव याच वृक्षावरून. शाकाचा साग झाला, अरबस्तानात जाऊन साज झाला. आपल्याकडून लाकूड तिकडे जात होते, लाकडाबरोबर नावही गेले. तिकडे मलबारात त्याला तेक्क म्हणत. पोर्तुगिजांनी त्याचे तेका केले, इंग्रजांनी टीक. आज फर्निचरच्या दुकानात आपण ज्या इंग्रजी नावाने साग मागतो ते नाव केरळच्या रानातले आहे. आपल्या नाण्याला इंग्रजीत बेनटीक म्हणतात. तेही मलयाळमच, वेण्‌तेक्क, म्हणजे पांढरा साग. नाणा हा ताम्हणाचा सख्खा भाऊ. ताम्हणाचे फूल महाराष्ट्राचे राज्यफूल झाले, भाऊ आडजातीत राहिला.

या प्रवासातला एक टप्पा कोकणी माणसाने विसरू नये असा आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच कारभाऱ्याने, व्हान रीडने, मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ करवून घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड अ‍ॅमस्टरडॅमला छापले गेले. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे वैद्य होते, आणि कोचीनला स्थायिक झालेले तिघे कोकणी भाषक होते : रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट. या तिघांची साक्ष पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेली आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी परदेशी माणसाने झाडाचे चित्र काढवले, तेव्हा त्याचे इथले नाव काय हे त्याने इथल्या माणसाला विचारले आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच लिपीत छापले. आपल्या टेबलांवर आज एवढेही घडत नाही.

दगडाचेही असेच. जांभा हे आपल्याकडे झाडाचे नाव आहे आणि दगडाचेही. अनेक घरांत भिंती जांभ्याच्या आणि खांबही जांभ्याचे असतात, आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. हा दगड खाणीत मऊ असतो, चिरा काढून वाऱ्यावर ठेवला की कडक होतो. फ्रान्सिस ब्युकॅनन नावाचा अधिकारी मलबारातून हिंडत होता, तेव्हा तिथले लोक या दगडाला विटेचा दगड म्हणतात हे त्याने ऐकले. लॅटिनमध्ये वीट म्हणजे ‘लेटर’. त्यावरून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ‘लॅटराइट’ हे नाव दिले. जगभरचे भूगर्भशास्त्र आज हा शब्द वापरते, आणि त्याच्या तळाशी मलबारच्या एका पाथरवटाची बोली आहे.

नावाने काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांना मी खैराकडे बोट दाखवतो. खदिराचा खैर झाला, त्याच्या गाभ्यातून कात निघाला आणि कात काढणाऱ्यांना कातकरी हे नाव पडले. एका झाडाच्या रसावरून एका समाजाची ओळख ठरली. चिपळूण-सावर्ड्याकडे कातेचा धंदा आजही आहे. खैराला भाव आहे, म्हणून प्रत्येक कागदावर खैराला नाव आहे. मला वाटते उलटेही तितकेच खरे आहे. नाव आहे म्हणून भाव मागता येतो. ऐनाचे पॉलिश केलेले लाकूड परदेशी बाजारात ‘इंडियन लॉरेल’ म्हणून ओळखले जाते. त्याचे काळपट रेषांचे पोत शोभेच्या फर्निचरला वापरतात. आमच्याकडे मात्र शेतकरी अख्खा डोंगर उक्ता देतो. ठेकेदार वर जातो, नजरेनेच अंदाज घेतो आणि एक आकडा बोलतो. त्या आकड्यात साठ वर्षांचा ऐन, नांगराला जन्म काढणारा जांभा, पखवाजाच्या खोडाला लागणारा बिबळा आणि करवंदीची जाळी सगळे एकाच मापाने भट्टीचे सरपण होतात. मालकालाच जर आपल्या रानात काय उभे आहे ते नावाने सांगता आले नाही, तर तो घासाघीस कशाच्या जोरावर करणार?

हा प्रश्न कोकणात इतर ठिकाणांपेक्षा जास्त निकडीचा आहे, कारण इथले बहुतेक जंगल खाजगी मालकीचे आहे. वनखात्याच्या रानात निदान कार्य आयोजना, म्हणजे कामाचा लेखी आराखडा, असते, गणती असते. आपल्या वरकसावर उभ्या असलेल्या रानाची गणती कुणीच करत नाही. तिथे परवानगीचा कागद हीच काय ती नोंद. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने झाडतोडीला मनाई केली. रबर आणि अननसासाठी डोंगर बोडके होत होते. त्याआधी त्या डोंगरांवरून कोणकोणती झाडे किती गेली, हे पुढच्या पिढीने विचारले आणि कागद फक्त ‘आडजात’ म्हणाला, तर काय उत्तर द्यायचे? आणि पुन्हा लावायची झाली तर काय लावायचे? आडजातीचे बी कुठल्या रोपवाटिकेत मिळते?

ही भीती काल्पनिक नाही. रस्त्याकडेला, माळावर गेल्या काही दशकांत आपण लावले ते ऑस्ट्रेलियन अकेशिया आणि ग्लिरिसिडिया. अकेशियाचे नाव गावात अकेशिया असेच राहिले, कारण ते कुणाच्या ओठांवर वाढलेले नाही. ग्लिरिसिडियाचे गिरिपुष्प असे गोड बारसे केले गेले. त्या लॅटिन नावाचा खरा अर्थ उंदीरमार, आणि काही ठिकाणी लोक त्याला उंदीरमारीच म्हणतात. परक्या झाडाचे बारसे करायला आपल्याकडे वेळ होता. घरच्या झाडाचे नाव लिहायला रकाना नाही.

तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलात की ऐनाला मट्टी म्हणतात. ती गोव्याची राज्यवृक्ष आहे. खाडीच्या अलीकडे सिंधुदुर्गात तेच झाड, त्याच मातीत, त्याच पावसात उभे आहे, आणि ट्रकमध्ये चढताना आडजात होते. हे मी जितक्या वेळा कुणाला सांगतो तितक्या वेळा ऐकणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो.

आमचे सुतार, सत्तरीचे गृहस्थ, पडवीचे काम करताना मला म्हणाले, “ऐन गरजेला धावतो, म्हणून त्याचं नाव ऐन.” सुंदर सांगितले त्यांनी. पण ऐन उन्हाळ्यातला ‘ऐन’ अरबीतून फारसीमार्गे आलेला. तिथे त्याचा अर्थ डोळा, झरा, वस्तूचे मूळ स्वरूप. झाडाचा ऐन त्यातला नव्हे. दोन शब्द, उच्चार एक. मी त्यांना हे सांगितले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “झरा म्हणालात ना? मग बरोबरच आहे की.” उन्हाळ्यात एखाद्या ऐनाच्या बुंध्याला फुगवटा येतो, तो फोडला की आतून पाणी वाहते, हे त्यांनी रानात पाहिलेले होते. व्युत्पत्ती म्हणून हे टिकणार नाही. पण नावाभोवती माणसे अशी माहिती गुंफून ठेवतात, आणि नाव गेले की तिला टांगायला खुंटी राहत नाही. पडवी संपली त्या दिवशी त्यांच्या नातवाला मी एक तुकडा दाखवून विचारले, हे कसले लाकूड? बारावीला असलेला, हुशार मुलगा. म्हणाला, “रायवळ.”

नावानिशी विचार करण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाचा विषय येतो. सागवानादी वृक्ष रानातून परवानगीने तोडावेत, आंबे-फणस आरमाराला लागत असले तरी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली ती झाडे तिच्या मनाविरुद्ध तोडू नयेत, असे तिथे बजावले आहे. झाड कोणते, कोणाचे आणि किती वर्षांचे, हे तिथे निर्णयाआधी विचारले आहे.

मागणी फार मोठी नाही. १९६४ च्या अनुसूचीत हळदूपुढे हेद, बिजापुढे बिबळा अशी जिल्हावार नावे जोडावीत आणि अंजन म्हणजे कोणते अंजन ते मराठीत स्पष्ट करावे. तोडीचा अर्ज, वाहतुकीचा पास आणि लाकडाच्या आगारातली नोंद यांत प्रत्येक झाडाचे स्थानिक नाव आणि शास्त्रीय नाव असे दोन रकाने सक्तीचे करावेत. जे ओळखता आले नाही त्यापुढे ‘अनोळखी’ लिहावे. अनोळखी हा प्रामाणिक शब्द आहे, ओळख करून घेण्याची जागा तो मोकळी ठेवतो. गावच्या नोंदवह्या पुन्हा भराव्यात, आणि त्या भरताना कवळ तोडणाऱ्या बाया, सुतार, कातकरी, गुराखी यांना बरोबर घेऊन रानात जावे. त्यांना त्या दिवसाची मजुरी द्यावी. ज्ञान फुकट मागू नये.

आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेपुढे मी एक ठराव ठेवला आहे. गावच्या हद्दीतल्या झाडांसाठी ग्रामपंचायत जो कोणताही कागद देईल किंवा घेईल, त्यावर झाडाचे नाव लिहिलेले असेल, असा. सोबत चोवीस नावांची यादी जोडली आहे, सुतारांनी सांगितलेली आणि दोन वाड्यांतल्या बायांनी दुरुस्त केलेली. त्यांनी त्यात तीन नावे वाढवली आणि एके ठिकाणी मला खोडायला लावले. मी ज्याला किंजळ समजत होतो, तो कोवळा ऐन निघाला.